वांग्याच्या अंगावरचा उजेड

मी काढलेल्या वांग्याच्या पहिल्या फोटोला आमच्या शेठनी स्टीलचा तांब्या म्हटलं. तेही एकट्यात नाही, अख्ख्या ऑफिससमोर, चहा पिता पिता. मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून ते म्हणाले, "ताई, हे वांगं हाय का तांब्या? यात पाणी भरून ठेवू का?" सगळे हसले. मीही हसले, कारण हसले नसते तर रडले असते, आणि ऑफिसात रडायचं नाही हा माझा नोकरीच्या पहिल्या दिवसापासूनचा नेम आहे.

ही नोकरी म्हणजे नवीन जालन्यातल्या एका लहानशा बियाणे कंपनीतली. माझं काम उगवण तपासायचं. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं, ठरल्या दिवशी कागद उलगडायचा आणि किती कोंब धड, किती वाकडे, किती मेलेले ते लिहायचं. नोंदीला पुरावा हवा म्हणून मी त्या कोंबांचे फोटो काढायला लागले आणि मला फोटोचा नाद लागला. आमचे हे त्याला वेड म्हणतात. हे शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीला नेमका शब्द लागतो.

आता वांग्याकडे येते. आमच्या कंपनीत नवीन वाण तयार करणारे एक सर होते. वाटूरकडच्या शेतकरी घरातले, बोलायला फार महाग. आठ वर्षं त्यांनी एका वांग्यामागे घातली होती. लावायचं, त्यातली मनासारखी झाडं ठेवायची, बाकीची उपटून टाकायची, त्यांचंच बी धरायचं, पुन्हा लावायचं. शेवटी जे हाती आलं ते मुठीत मावेल असं, जांभळ्या अंगावर हिरवट पांढरे पट्टे असलेलं, देठाला काटे असलेलं वांगं होतं. भरलं वांगं करावं तर त्याचंच. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते आणि त्याच हंगामात त्यांच्या वांग्याचं बी पहिल्यांदा पाकिटातून बाजारात जाणार होतं.

अडचण पाकिटाची होती. पाकिटावर छापायला तयार फोटो विकत मिळतात. शेठनी असाच एक फोटो निवडून ठेवला होता. गडद जांभळं, लांबट, काचेसारखं गुळगुळीत वांगं. पट्टा नाही, काटा नाही, सरांच्या वांग्याशी नातंसुद्धा नाही. आदल्या वर्षी भेंडीच्या पाकिटावर असाच परका फोटो छापला होता, तेव्हा वाटूरचा एक शेतकरी मोटरसायकल दामटत थेट ऑफिसात आला आणि त्यानं ते पाकीट शेठच्या टेबलावर आपटलं. "पाकिटावर एक अन् झाडाला एक! आम्हाला काय येडं समजून राह्यले का?" शेठनी त्याला चहा पाजला आणि पाकीट खणात टाकलं. विषय तिथंच संपला, निदान शेठच्या लेखी.

या वेळी मात्र सर बोलले. आठ वर्षांत मी त्यांना बैठकीत बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "पाकिटावर माझंच वांगं पाहिजे," एवढंच. शेठ म्हणाले, "हरकत न्हाई सर, पण फोटो पाहिजे ना तसा. परेसवाला सोमवारी बारा वाजता फाइल मागून राह्यला. चांगला फोटो आला तर तुमचं वांगं, न्हाई तर मंग हे हायच तयार." सर खाली बघत राहिले. मला ते बघवलं नाही. माझी जीभ माझ्या आधी धावते, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे सर्वमान्य आहे. मी म्हटलं, "मी काढते."

आणि त्याच दुपारी, मोठ्या तोऱ्यात, प्रयोगशाळेच्या टेबलावर सरांच्या डब्यातलं एक वांगं ठेवून, कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवून मी तो तांब्या काढला.

माझं चुकलं कुठं, ते मला ठाऊक होतं. हाच राग जास्त होता. दिवाळीच्या बोनसमधून मी जुन्या जालन्यात, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत, एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून वापरलेला फ्लॅश घेतला होता. सोबत त्यानं दोन लहान डब्याही दिल्या. एक कॅमेऱ्यावर बसवायची, एक फ्लॅशखाली, मग मध्ये वायर नसतानाही फ्लॅश दूर उभा राहून उडतो. लग्नात आता सगळे व्हिडिओचे मोठे दिवे लावतात, म्हणून त्याला हे सामान नको झालं होतं. पण देताना त्यानं ते फडक्यानं पुसून दिलं आणि मला बाजी, म्हणजे ताई, म्हणत चार गोष्टी सांगितल्या. "बाजी, इसको कॅमेरे के सर पे नक्को बिठाओ. बाजू में रखो, दूर रखो, बीच में कुछ पतला सफेद डालो. फिर देखो."

मी पाहिलंही होतं. दिवाळीपासून दर रविवारी आमच्या ह्यांना खुर्चीवर बसवून मी प्रयोग करत होते. ह्यांना टक्कल आहे आणि प्रयोगासाठी त्याहून चांगली वस्तू विकत मिळत नाही. नुसता फ्लॅश उडवला की टकलावर पांढरी टिकली उमटायची. मध्ये उशीचा अभ्रा धरला की टिकली विरघळून मऊ उजेड पसरायचा आणि डोकं डोक्यासारखं दिसायचं. गुळगुळीत वस्तूवर आपल्याला दिसतो तो दिव्याचाच चेहरा. दिवा बारका असला तर बारका ठिपका, दिवा रुंद केला तर रुंद उजेड. इतकं सगळं टकलावर शिकून ऑफिसात मात्र मी घाईत फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवला, कारण त्या दोन डब्या घरी राहिल्या होत्या आणि मला सगळ्यांसमोर लगेच फोटो काढून दाखवायचा होता. दुसरं काही कारण नाही.

रविवारी सकाळी सर आमच्या घरी आले. हातात टोपली, वर ओलं फडकं. "ताई, नऊ हायेत," ते म्हणाले. "प्लॉट मोडला काल. झाडं उपटून झाली. एवढीच राह्यली." म्हणजे ही नऊ गेली की सोमवारपर्यंत त्या वांग्याचं दहावं फळ पृथ्वीवर कुठं मिळणार नव्हतं. मी म्हटलं, "सर, तुम्ही बिलकुल काळजी करू नका." हे वाक्य मला आजही आठवलं की कान गरम होतात.

सर बाहेरच्या खोलीत ह्यांच्याशी बोलत बसले, म्हणजे हे बोलत होते आणि सर बसले होते. मी टोपली स्वयंपाकघरात आणली. आणि मग मी जे केलं ते फक्त बियाणे कंपनीतलाच माणूस करू शकतो. कृषी प्रदर्शनात स्टॉल मांडताना आम्ही सगळे भाज्यांना तेल लावतो. फडक्यावर चमचाभर गोडं तेल घ्यायचं, वांगी, मिरच्या, टोमॅटो चोळून ठेवायचे. ट्यूबलाइटखाली अशी चमकतात की येणारा जाणारा थांबतो. इतकी वर्षं हे केलेलं, हात आपोआप चालले. चांगलं दिसायचं म्हणजे तेल लावायचं. नऊच्या नऊ वांगी मी मन लावून चोळली, देठंसुद्धा.

एक वांगं मांडून, या वेळी बाजूनं आणि अभ्र्यातून, फ्लॅश उडवला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. पुन्हा तांब्या. आधीपेक्षा मोठा, तुपात बुडवून काढल्यासारखा. पट्टे कुठंच नव्हते. पांढऱ्या चमकेखाली सगळं जांभळं एकसारखं काळं पडलं होतं आणि देठावरची बारीक लव तेलानं चिकटून बसली होती. अगदी शेठच्या त्या विकतच्या वांग्यासारखं दिसत होतं. आठ वर्षांची मेहनत मी एका फडक्यानं पुसून टाकली होती.

मला रडू आलं. घर होतं, नेम ऑफिसपुरता होता. सर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एक वांगं उचललं, बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला. "ताई, तेल कामून लावलं?" आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की मी ह्यांच्यावरच ओरडले, तुम्ही मला थांबवलं का नाही म्हणून. हे म्हणाले, "मी बाहेर होतो." गणिताच्या माणसाचं उत्तर.

सर मोरीजवळच्या पाटावर बसले. "डाळीचं पीठ हाय का?" मी डबा दिला. त्यांनी कोमट पाणी मागितलं, पीठ कालवलं आणि एकेक वांगं तळहातावर घेऊन त्याला न्हाऊ घालायला सुरुवात केली. दिवाळीत उटणं लावतात तसं, हलक्या हातानं, वरून खाली. देठाला अंगठा लागू देत नव्हते. मी जुनं सुती लुगडं फाडून दिलं, त्यानं टिपत गेले. अंगावरचं तेल निघालं. पट्टे पुन्हा वर आले, हिरवट पांढरे, बोटांनी ओढल्यासारखे. पण सहा वांग्यांच्या देठांवर काट्यांच्या लवेत तेल बसलं होतं, ते काही निघेना. "ही सहा गेली," सर म्हणाले. तीन राहिली.

तीन वांगी आणि एक दुपार. आता मी पदर खोचला.

मला अभ्र्याहून रुंद दिवा पाहिजे होता आणि तो विकत आणायला दुकान नव्हतं, वेळही नव्हता. पण आमच्या घरात बियाण्याच्या धंद्याचं निरुपयोगी सामान कायम पडलेलं असतं. शेतावर दोन वाणांचं क्रॉसिंग करताना फुलांवर ज्या बटर पेपरच्या पिशव्या चढवतात, त्या उरलेल्या, फाटक्या पिशव्यांची एक गोणी माझ्याकडे होती. दिव्यासमोर धरला तर उजेड गाळून येतो असा पातळ पांढरा कागद. मी स्वयंपाकघराच्या खिडकीची मच्छरजाळीची चौकट काढली, जाळी सोडवली, आणि त्या चौकटीवर पिशव्या उलगडून पिठाच्या खळीनं एकमेकींना चिकटवल्या. हे म्हणाले, "डास येतील." मी म्हटलं, "येऊ द्या, त्यांचाही फोटो काढते."

अंगणातला शहाबादी फरशीचा एक सुटा तुकडा आणून टेबलावर ठेवला. करडा, न चमकणारा, वांग्याला शोभणारा. धान्याच्या दोन डब्यांवर कॅमेरा बसवला. डाव्या हाताला कागदी चौकट उभी केली, तिच्यामागे दोन हातांवर फ्लॅश. उजव्या बाजूला मल्चिंगचा प्लास्टिक पेपर, जो शेतात वाफ्यावर अंथरतात. त्याची एक बाजू चांदीसारखी, दुसरी काळी. चांदीची बाजू वांग्याकडे केली की सावलीत थोडा उजेड जातो आणि काळी केली की सावली गडद होते. तो पेपर धरायला हे उभे राहिले. सगळी दारं, खिडक्या लावल्या. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढला. तो पूर्ण काळा आला, म्हणजे खोलीतला उजेड मध्ये लुडबुड करत नव्हता. आता जे दिसणार ते फक्त मी दाखवीन तेवढंच.

फ्लॅश उडाला. पडद्यावर वांगं आलं. खरंखुरं वांगं! टिकली नाही, तांब्या नाही, काट्यांवर प्रत्येक लव वेगळी. मी जागच्या जागी उडी मारली. सरांनी चष्मा वर केला, पडदा नाकाजवळ घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ताई, पट्टे जास्त हायेत."

"म्हणजे?"

"हे दोन हायेत ना, उभे. हे आमचे न्हाईत."

मी वांगं हातात घेऊन पाहिलं, मग फोटो. त्यांचं बरोबर होतं. वांग्याच्या पोटावरच्या मऊ उजेडात दोन पुसट उभ्या रेघा होत्या, ज्या वांग्यावर नव्हत्याच. कागदाचे जोड! जिथं पिशवीवर पिशवी चिकटवली होती तिथं उजेड कमी येत होता, आणि त्या रेघा गुळगुळीत सालीवर आरशात दिसाव्यात तशा दिसत होत्या. मी एकटी असते तर त्या रेघांना वांग्याचे पट्टे समजून फोटो पाठवून दिला असता. आणि पुढच्या हंगामात पुन्हा कुणीतरी पाकीट आपटलं असतं.

जोड झाकायला एकसंध, मोठं, पांढरं, पातळ कापड हवं होतं. आमच्याकडं प्रत्येक घरात एका कपाटात असं कापड असतं, जे कुणी कधी वापरत नाही. आहेराचं. आमच्या ह्यांना लग्नाकार्यात धोतरं आहेर म्हणून येतात आणि हे पँटवाले, मग ती घडीसकट पुढच्या लग्नात दुसऱ्याला जातात. वरच्या कप्प्यातून मी एक धोतर काढलं, हळदीकुंकवाचं बोट लागलेलं टोक बाजूला ठेवून चौकटीपुढं वीतभर अंतरावर दोरीला ताणून बांधलं. आता उजेड आधी कागदातून आणि मग धोतरातून येणार. हे म्हणाले, "ते मावसभावाला द्यायचं ठेवलंय." मी म्हटलं, "त्याला टॉवेल द्या."

ओल्या फडक्याखाली ठेवलेलं तिसरं वांगं मांडलं, कारण बाहेर काढलेल्या पहिल्या दोघांचे देठ आता सुकायला लागले होते. मी वाकून श्वास धरला. फ्लॅश उडाला.

मी पडदा आधी पाहिला नाही, सरांना दिला. ते बघत राहिले. वांग्याच्या डाव्या अंगावर एकच लांब, मऊ उजेड, आणि त्या उजेडाखालूनही पट्टे सरळ जाताना दिसत होते. उजवीकडं सावली, पण सावलीतही जांभळा रंग जिवंत. एका बाजूला काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढा तपकिरी डाग होता. मी म्हटलं, "सर, तो डाग मी कॉम्प्युटरवर काढून टाकते."

"राहू द्या. वाऱ्यानं शेजारच्या फळाचा काटा लागला की असा डाग पडतो. शेतकऱ्याला माहीत हाय ते." मग त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि म्हणाले, "हे माझं वांगं हाय." मला तेव्हा जे वाटलं ते पहिल्या पगारालासुद्धा वाटलं नव्हतं. हे अजून मल्चिंगचा पेपर धरूनच उभे होते, खाली ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी अकरा वाजता मी शेठच्या केबिनमध्ये गेले. संगणकावर फोटो उघडला. शेठनी बघितला, पुन्हा बघितला, त्यांना तो आवडला हे मला कळलं, पण व्यापाऱ्यानं लगेच हो म्हणायचं नसतं. "चांगला हाय ताई. पण चमक थोडी कमी वाटून राह्यली. त्या दुसऱ्या फोटोत कशी चमक हाय! अन् हा डाग काढा."

माझी जीभ पुन्हा धावली, पण या वेळी हातही सोबत होते. मी पिशवीतून ते तिसरं वांगं काढून संगणकाशेजारी ठेवलं. मग शेठच्या टेबलाचा खण उघडला. परवानगी विचारली नाही, विचारली असती तर मिळाली नसती. भेंडीचं ते आपटलेलं पाकीट अजून तिथंच होतं. ते काढून टेबलावरच्या, विकतच्या चमकत्या वांग्याच्या छापील नमुन्यावर ठेवलं.

"शेठ, हे दोघं एका जातीचे," मी म्हटलं. "अन् हे दोघं एका जातीचे. यातली कोणती जोडी वाटूरला पाठवायची ते तुम्ही सांगा."

शेठनी वांगं उचललं. डाग पाहिला. संगणकावरचा डाग पाहिला. दाराबाहेर अर्धं ऑफिस माना लांब करून उभं होतं, चहाच्या वेळचं तेच ऑफिस. शेठ हसायला लागले. "ताई, तुम्ही खणापर्यंत पोचल्या म्हणजे आता काय बोलणार!" त्यांनी फोन उचलला आणि परेसवाल्याला सांगितलं, "जुनी फाइल रद्द. ताई पाठवून राह्यल्या तीच छापा. हां, डागासकट." मी केबिनमधून बाहेर आले ती वरात निघाल्यासारखी. त्या दिवशी चहा मी पाजला सगळ्यांना, तांब्यातून ओतून.

सर महिनाअखेरीला निवृत्त झाले आणि वाटूरला राहायला गेले. पाकिटं बाजारात गेली. पुढं दसऱ्याच्या सुमाराला मी कंपनीच्या कामानं वाटूरला गेले होते, तेव्हा सर मला फाट्यावरच्या बियाण्याच्या दुकानात भेटले. आम्ही उभे असतानाच एक बाई आल्या, नऊवारी, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी दुकानदाराला सांगितलं की मागच्याच वांग्याचं बी पाहिजे, उन्हाळ्यासाठी. कोणतं ते नाव आठवेना. म्हणून त्यांनी पिशवीतून घरचं एक वांगं काढलं, काउंटरवर मांडलेल्या पाकिटांवरून एकेक करत फिरवलं आणि आमच्या पाकिटावर नेऊन ठेवलं. "हे. हेच."

वांगं आणि फोटो शेजारी शेजारी. पट्टे तसेच, काटे तसेच. मला राहवलं नाही. सरांनी बाही ओढली तरी मी म्हटलं, "मावशी, हा फोटो मी काढलाय."

बाईंनी आधी माझ्याकडं आणि मग पाकिटाकडं असं काही पाहिलं, जणू ऊन मीच पाडलं म्हणून मी सांगत होते.

"त्यात काय काढायचं, बाई?" त्या म्हणाल्या. "वांगंच तसं हाय."

सर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, काउंटरला धरून, आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. कागद, धोतर, मल्चिंग, टक्कल, डाळीचं पीठ, यातलं काहीही त्या बाईंना त्या फोटोत दिसलं नव्हतं. त्यांना फक्त सरांचं वांगं दिसलं होतं.